घरच्या सुतारकामासाठी ड्रम सँडर निवडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये सुतारकाम करतो आणि गेली नऊ वर्षं १६ इंची ड्रम सँडर वापरतोय. त्याबद्दल मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. एकाच प्रश्नाची दोन टोकं दोन ठिकाणी आली असतील तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ड्रम सँडर म्हणजे नेमकं काय? हातातल्या सँडरने जमत नाही असं हे काय करतं?

पॉलिश पेपर गुंडाळलेला एक आडवा रूळ जागेवरच जोरात फिरतो. त्याच्या खालून एक पट्टा सरकत जातो आणि पट्ट्यावर फळी ठेवायची. रूळ आणि पट्टा यांच्यातलं अंतर वरच्या चाकाने कमी-जास्त करता येतं. हातातला ऑर्बिटल सँडर उंचवटाही घासतो आणि खड्डाही घासतो, त्यामुळे फळी मऊ होते पण सपाट होत नाही. ड्रम सँडर फक्त उंचवट्याला लागतो. चार-सहा फेऱ्यांनंतर फळी सगळीकडे एकाच जाडीची होते. म्हणून याला जाडी आणायचं यंत्र समजा. पॉलिशपूर्वीची शेवटची सफाई हे वेगळं काम आहे (प्रश्न ८).

२. माझ्याकडे थिकनेसर आहे. मग हे कशाला घ्यायचं?

थिकनेसर, म्हणजे फळी एका जाडीला आणणारं यंत्र, भरभर लाकूड काढतो, पण पात्याने काढतो. उलटसुलट रेषांचं शिसम, गाठींचं आंब्याचं लाकूड किंवा फांदीजवळचा सागाचा तुकडा त्यात घातला की रेषा उचकटतात आणि पृष्ठभागावर खपल्या निघतात. ड्रम सँडरला रेषांची दिशा कुठली याचं काही देणंघेणं नसतं. दुसरं म्हणजे उभ्या रेषांचे (एंड ग्रेन) चॉपिंग बोर्ड, ज्यांत लाकडाची कापलेली टोकं वर येतात. असा बोर्ड थिकनेसरमध्ये घालणं धोक्याचं आहे, कडेचे तुकडे उडतात. तिसरं म्हणजे तीन-चार मिलिमीटरच्या पातळ पट्ट्या, त्याही थिकनेसरमध्ये टिकत नाहीत.

उलट बाजूही ऐका. आपल्याकडे सुतार अजून सुतात मोजतो. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सव्वातीन मिलिमीटरच्या आसपास. ८० नंबरच्या पेपरवर (नंबर जितका मोठा तितका पेपर बारीक) एका फेरीत इंचाचा चौसष्टावा भाग काढला तरी पुष्कळ झालं. म्हणजे एक सूत काढायला आठ फेऱ्या. सागाच्या फळीचे दोन सूत काढायला कोणी ड्रम सँडर वापरत असेल, तर तो वेळही घालवतोय आणि पेपरही. आधी थिकनेसर, मग शेवटचा अर्धा मिलिमीटर सँडरवर. दोन्हींपैकी एकच घ्यायचं असेल तर बहुतेकांनी आधी थिकनेसर घ्यावा.

३. मी वर्षातून दोन-तीनच टेबलं करतो. मला हे खरंच लागेल का?

बहुधा नाही. पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटसारख्या ठिकाणी लाकूड कापून, रंधून, घासून देणारे असतात. काहींकडे रुंद पट्ट्याचा मोठा सँडर असतो आणि त्यात अख्खं टेबलटॉप एका दमात निघतं. ते काम आपल्या १६ इंची यंत्रापेक्षा सरस होतं. वर्षातून दोनदा टेम्पो करून घेऊन जाणं स्वस्त पडतं.

लागतं कोणाला? चॉपिंग बोर्ड, ट्रे, खोकी, कपाटांच्या चौकटी अशा वस्तू सतत करणाऱ्याला. गिटार किंवा उकुलेले बनवणाऱ्याला तर फारच, कारण तीन मिलिमीटरच्या खालची सारखी जाडी हाताने आणणं दिवसभराचं काम आहे. मिरजेच्या तंबोऱ्याची तबली मात्र फुगीर असते, तिला याचा उपयोग नाही.

४. १०-२०, १६-३२, १९-३८, २२-४४ हे आकडे काय आहेत? कितीचं घेऊ?

पहिला आकडा रुळाची लांबी, इंचात. दुसरा आकडा फळी उलटी फिरवून दोन फेऱ्यांत जास्तीत जास्त किती रुंदी घासता येईल तो. जेट, सुपरमॅक्स यांची यंत्रं याच आकड्यांनी ओळखली जातात. दुप्पट रुंदी शक्य होते कारण या यंत्रांचा रूळ एकाच बाजूला धरलेला असतो आणि दुसरी बाजू मोकळी असते. फळीचा उरलेला भाग त्या मोकळ्या बाजूने बाहेर राहतो.

माझं मत विचाराल तर दुसऱ्या आकड्यावर भाळून यंत्र घेऊ नका. रोजच्या कामाची रुंदी पहिल्या आकड्यात बसली पाहिजे. ट्रे आणि बोर्ड बारा ते पंधरा इंचांचे असतात, त्यामुळे घरच्या वर्कशॉपला १६ पुरतो. कपाटाची दारं करणार असाल तर १९ किंवा २२ घ्या. दहा इंची यंत्र टेबलावर मावतं, वाद्यं आणि छोट्या खोक्यांसाठी छान आहे, पण रुंद सागाला त्याची मोटर दमते.

दोन्ही बाजूंनी धरलेल्या रुळाचं यंत्र जास्त ताठ असतं, जाडी अचूक मिळते. पण त्याची रुंदी म्हणजे रुंदी. २४ इंची यंत्रात साडेचोवीस इंचांची फळी जाणार नाही.

५. रुंद फळी दोन फेऱ्यांत घासली की मधोमध पायरी राहते. यंत्र खराब आहे का?

यंत्र खराब नाही, जुळणी करायची राहिली आहे. मोकळ्या बाजूचा रूळ केसभर खाली असेल तर त्याची कड फळीवर रेघ कोरते. रुळापेक्षा रुंद काम करताना मोकळी बाजू साधारण एका कागदाच्या जाडीएवढी वर ठेवायची. मग मधला भाग किंचित उंच राहतो आणि ऑर्बिटलने दोन मिनिटांत जातो. अरुंद काम पुन्हा सुरू केलं की रूळ समांतर करायला विसरू नका. जुळणीचा स्क्रू हाताशी असलेलं यंत्र निवडा. काही जुन्या यंत्रांत चार बोल्ट सैल करून टेबलाखाली पत्र्याचे तुकडे सारावे लागतात, त्यामुळे माणूस ती जुळणी करायचंच टाळतो.

६. घरच्या विजेवर चालेल का? थ्री फेज लागेल का?

१६ इंची यंत्राची मोटर साधारण दीड अश्वशक्तीची असते. ती सिंगल फेजवर, २३० व्होल्टला ७ ते ८ अँपिअर घेते आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या कित्येक पट. भिंतीतलं ६ अँपिअरचं सॉकेट पुरणार नाही, १६ अँपिअरचं पाहिजे. आता हिशेबात डस्ट कलेक्टर, म्हणजे भुकटी ओढून घेणारं यंत्र, धरा (प्रश्न ९). तोही दीड-दोन अश्वशक्तीचा आणि दोन्ही एकाच वेळी चालतात. म्हणजे १५ ते १८ अँपिअर. दोघांसाठी मीटरपासून स्वतंत्र लाइन ओढून घ्या, प्रत्येकीला स्वतःचा एमसीबी, आणि अर्थिंग तपासून घ्या. महावितरणच्या बिलावर ‘मंजूर भार’ लिहिलेला असतो, तो आधी पाहा आणि गरज असेल तर वाढवून घ्या.

लांब आणि बारीक एक्स्टेन्शन वायर वापरू नका. व्होल्टेज पडतं, मोटर तापते, आणि दोष यंत्राला दिला जातो.

७. भाऊ अमेरिकेतून परत येतोय. कंटेनरमधून त्याचा ड्रम सँडर आणला तर ट्रान्सफॉर्मर लावून चालेल ना?

हा प्रश्न दर उन्हाळ्यात येतो. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, फ्रिक्वेन्सी बदलत नाही. तिकडची मोटर ११५ व्होल्ट आणि ६० हर्ट्झसाठी बांधलेली असते, आपल्याकडे ५० हर्ट्झ. मिनिटाला १,७०० च्या पुढे फेरे घेणारा रूळ इथे १,४०० च्या आसपास फिरेल, ते एक वेळ चालून जाईल. पण तेवढंच व्होल्टेज कमी फ्रिक्वेन्सीला दिलं की मोटरचा लोखंडी गाभा चुंबकीयदृष्ट्या भरून जातो आणि मोटर भार नसतानाही तापते. गणिताने ११५ व्होल्टच्या मोटरला ५० हर्ट्झवर सुमारे ९६ व्होल्ट द्यावे लागतात आणि ताकदही साधारण सहाव्या भागाने कमी मिळते. तसा ट्रान्सफॉर्मर मुद्दाम गुंडाळून घ्यावा लागेल, तोही सुरुवातीचा झटका सोसेल असा, निदान ३ केव्हीएचा.

मोटर बदलायची म्हटलं तर बऱ्याच यंत्रांत ती रुळाला थेट जोडलेली असते, शाफ्ट आणि फ्रेम जुळणारी भारतीय मोटर मिळणं कठीण. मोटरपासून व्ही-बेल्टने फिरणारा रूळ असेल तर जमतं. भावाला तिथेच विकायला सांगा. यूके, जर्मनी किंवा दुबईहून आणणाऱ्यांना ही अडचण नाही, तिथे वीज आपल्यासारखीच आहे.

८. कुठल्या नंबरचा पेपर लावू? २२० लावला की थेट पॉलिश करता येईल का?

नाही. रूळ एकाच दिशेने घासतो, त्यामुळे प्रत्येक नंबर फळीवर सरळ बारीक रेघा सोडतोच. कच्च्या लाकडावर नुसतं बोट फिरवून त्या कळत नाहीत, पॉलिशचा पहिला हात लागला की उठून दिसतात. माझ्याकडे बहुतेक काम ८० वर होतं, शेवटच्या दोन फेऱ्या १२० वर. तिथून पुढे ऑर्बिटल, १२० पासूनच सुरुवात करून. १५० च्या वरचा पेपर रुळावर पटकन चोंदतो आणि लाकूड जाळतो. ३६ किंवा ६० नंबर फक्त करवतीच्या खुणा काढायला.

९. डस्ट कलेक्टर लागतोच का? घरचा व्हॅक्यूम क्लीनर लावला तर?

लागतोच. या पानावरची एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा.

मला विकणाऱ्याने सांगितलं होतं की व्हॅक्यूम पुरेल. पहिल्या महिन्यात मी ओला-सुका व्हॅक्यूम आणि मध्ये एक बादली असं जोडून पाच फुटी सागाचं टेबलटॉप घासायला घेतलं. वीस मिनिटांत नळी चोंदली. भुकटी बाहेर न जाता रुळाच्या झाकणात फिरत राहिली, पेपरच्या दाण्यांत दाबून बसली, आणि फळी बाहेर आली ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोन काळ्या जळक्या पट्ट्या घेऊन. त्या खरवडून काढायला दोन संध्याकाळी गेल्या. त्याच रात्री दोन्ही हातांवर कोपरापर्यंत पुरळ उठलं. सागाच्या भुकटीने बऱ्याच जणांच्या त्वचेला असा त्रास होतो, शिसमानेही होतो.

कारण साधं आहे. व्हॅक्यूमची ओढ जोरदार असते पण हवा थोडी, मिनिटाला शंभर-दीडशे घनफूट. चार इंची नळीच्या या यंत्राला उत्पादक साधारण ६०० घनफूट मागतात, म्हणजे ताशी हजार घनमीटर. ती हवा फक्त डस्ट कलेक्टर देतो, आणि तीच पेपर थंडही ठेवते. नळी होईल तेवढी आखूड घ्या. खाचांची लवचीक नळी दोन हात, बाकी गुळगुळीत पीव्हीसी पाइप. पाइपवर स्थिर वीज साचते, म्हणून बाहेरून तांब्याची तार गुंडाळून अर्थ करा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या भुकटीला माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं. धोका मुख्यतः नाकाच्या आतल्या भागाला. ड्रम सँडरची भुकटी मैद्यासारखी बारीक असते आणि यंत्र बंद केल्यावरही बराच वेळ हवेत तरंगते. कलेक्टर असला तरी एन९५ मास्क लावाच, आणि काम संपल्यावर लगेच काढू नका. यंत्रासाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतला निदान तिसरा हिस्सा कलेक्टर, पाइप आणि वायरिंगसाठी राखा. तेवढे पैसे उरत नसतील तर खरेदी पुढच्या वर्षावर ढकला.

१०. कलेक्टर चांगला आहे, तरी जळके डाग पडतात.

एका फेरीत फार काढताय, किंवा पट्टा फार हळू चालवताय. पेपर एकाच जागी रेंगाळला की जाळतो. चाक पाव फेरा फिरवत असाल तर त्याच्या निम्मं करा आणि पट्ट्याचा वेग वाढवा. फळी किंचित तिरकी घाला, म्हणजे पेपरच्या एकाच भागावर ताण येत नाही आणि रेघाही कमी उठतात. पाईन, देवदार यांचा चीक आणि सागाचं तेल पेपरवर थिजतं. सांध्यातून ओघळलेला फेविकॉल तर फार वाईट, तो आधी पटाशीने खरवडून घ्या. पेपर साफ करायला क्रेप रबराची कांडी मिळते. फिरत्या रुळावर ती टेकवली की दाणे पुन्हा मोकळे होतात. झाकण उघडं ठेवायला लागतं, म्हणून गॉगल घाला आणि बाह्या वर सरकवा.

एकदा जळालेली रेघ मात्र साफ होत नाही. पेपरवर चमकदार काळी पट्टी दिसली की तो बदला.

११. पेपरच्या तयार पट्ट्या महाग पडतात. रोल आणून कापता येतो का?

येतो, मी तेच करतो. तीन इंची, म्हणजे ७५ मिलिमीटर रुंद, कापडी पाठीचा रोल घ्या. १६ इंची रुळाला साधारण सव्वादोन ते अडीच मीटर पट्टी लागते. दोन्ही टोकं तिरकी कापावी लागतात, त्यासाठी यंत्राबरोबर आलेली पहिली पट्टी टाकून देऊ नका, तिचाच साचा करा. गुंडाळताना वेढे एकमेकांवर चढता कामा नयेत, चढले तर तिथे फळीला चर पडतो.

कागदी पाठीचा रोल घेऊ नका, कोकणात तर नकोच. पावसाळ्यात तो ओल धरतो, सैल पडतो आणि चालू यंत्रात फाटतो. जून ते सप्टेंबर मी काम संपल्यावर पट्टी काढून बंद डब्यात ठेवतो आणि लोखंडी टेबलावर मेणाचा हात फिरवतो.

१२. वाकलेली फळी यात सरळ होईल का?

नाही. थिकनेसरसारखेच इथेही दाबरूळ फळी दाबून सपाट करतात आणि बाहेर पडली की ती पुन्हा वाकते. जाडी सारखी मिळेल, वाकडेपणा तसाच. आधी एक बाजू रंध्याने किंवा सरफेसरवर सरळ करा. ते नसेल तर सरळ प्लायच्या तुकड्यावर फळी ठेवा, डुगडुगणाऱ्या कोपऱ्यांखाली पाचरी सारून गरम गोंदाने चिकटवा आणि प्लायसकट आत घाला. वरची बाजू सपाट झाली की फळी उलटून प्लायशिवाय घाला.

१३. जुन्या वाड्याचं सागवान मिळालंय. चालेल का?

लाकूड उत्तम, पण दोन गोष्टी सांभाळा. एक, खिळे. मोडलेल्या चुकेचं टोक लाकडात बुडालेलं असतं. ते पेपर फाडतं आणि ठिणगी पाडतं. ती ठिणगी हवेबरोबर कलेक्टरच्या पिशवीत जाते आणि तिथे कोरड्या भुकटीत तासन्‌तास धुमसू शकते. मेटल डिटेक्टर फिरवल्याशिवाय एकही फळी घालू नका, आणि असं लाकूड घासल्यावर पिशवी त्याच दिवशी घराबाहेर रिकामी करा.

दोन, रंग. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाखांत ९० भाग) मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसं असेल असंच धरून चाला. रंगवलेली फळी सँडरमध्ये घालू नका. ओलं करून रंग खरवडा, मुलांना दूर ठेवा, आणि नुसतं लाकूड राहिल्यावरच यंत्राकडे या.

१४. प्लाय किंवा व्हिनियर लावलेली फळी घासता येईल?

नको. वरचं व्हिनियर बहुधा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून पातळ असतं, एका फेरीत आरपार जाल. स्वतः कापलेलं दोन मिलिमीटरचं जाड व्हिनियर चालतं.

१५. लहान तुकडे किती लहान चालतात?

पुढचा आणि मागचा दाबरूळ यांच्यातल्या अंतरापेक्षा तुकडा लांब हवा. ते अंतर यंत्राच्या पुस्तिकेत दिलेलं असतं, १६ इंचीला अडीच इंचांच्या आत. त्याहून लहान तुकडा मध्येच मोकळा होतो आणि रूळ तो मागे, म्हणजे तुमच्याकडे फेकतो. लहान तुकडे मोठ्या फळीवर दुतर्फी टेपने चिकटवून घाला आणि यंत्राच्या सरळ रेषेत उभे राहू नका.

१६. स्वतः बनवला तर?

बनवता येतो. पॉलिश पेपर वेल्क्रोने लावलेला चार-पाच इंची रूळ, दोन्ही टोकांना प्लमर ब्लॉक बेअरिंग, एक अश्वशक्तीची १,४४० फेऱ्यांची मोटर आणि व्ही-बेल्ट. रूळ एमडीएफच्या चकत्यांचा करतात आणि जागेवर बसवल्यावर खालून पेपर चिकटवलेली फळी हळूहळू वर आणून गोल करतात. पट्टा नसल्यामुळे फळी हाताने ढकलायची असते. ती कायम रूळ फिरतो त्याच्या विरुद्ध दिशेनेच घालायची. त्याच दिशेने घातली तर रूळ फळी हिसकावून पलीकडे भिरकावतो आणि तिच्यामागून हात आत जातो. झाकण आणि डस्ट पोर्ट नंतर करू म्हणून ठेवू नका. ज्याने अजून साधं टेबल बनवलेलं नाही त्याने यात पडू नये.

१७. फ्लॅटच्या बाल्कनीत ठेवू का?

नको. राहत्या भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे आणि कलेक्टर सुरू झाला की ती सहज ओलांडली जाते. त्याहून मोठी अडचण म्हणजे शेजारच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर आणि त्यांच्या छातीत जाणारी भुकटी. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी प्रश्न ३ पाहावा.

१८. जुनं यंत्र बघायला जातोय. तिथे काय तपासू?

घरून एकाच पट्टीचे दोन तुकडे कापून न्या, वीतभर लांब, सारख्या जाडीचे. जाडी मोजायला व्हर्निअर कॅलिपरही न्या. एक तुकडा पट्ट्याच्या डाव्या कडेला, एक उजव्या कडेला ठेवून हलक्या हाताने दोन फेऱ्या काढा आणि दोन्ही मोजा. मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंतचा फरक जुळणीने जातो. अर्ध्या मिलिमीटरचा असेल तर जुळणीचा स्क्रू तुमच्यासमोर फिरवून दाखवायला सांगा. आटे बसलेले असले की कळेल.

पट्टा दहा मिनिटं मोकळा चालू ठेवा. तो एका बाजूला सरकून कड घासू लागला तर ताणाचे स्क्रू थोडे फिरवून पाहा. तरी सरकत असेल तर कडा फाटलेल्या आहेत का ते बघा, नवा पट्टा घ्यावा लागेल. वीज बंद करून रूळ हाताने फिरवा. बेअरिंग गेलं असेल तर बोटांना खरखर जाणवते. मोटरच्या पाटीवरचे व्होल्ट आणि हर्ट्झ वाचा, कारण प्रश्न ७ मधली यंत्रंही बाजारात विकायला येतात. मग झाकण उघडून आत बोट फिरवा. कोपऱ्यात कडक झालेल्या भुकटीचा थर असेल तर ते यंत्र कलेक्टरशिवाय चाललंय. त्याच्या बेअरिंगचे पैसे किमतीतून वजा करून मागा.